१२ किलोमीटरच्या खाली कोणी खणलेलं नाही, मग पृथ्वीचा गाभा द्रव आहे, लोखंडाचा आहे हा सगळा अंदाजच ना?

‘अंदाज’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. थोरल्या भावाने मला तो वीस वर्षं ऐकवलाय. मी भूकंपमापन केंद्रात नोकरीला होतो. दादा म्हणायचा, “रेघा बघायचा पगार घेतोस. आत जाऊन आलंय कोण?” ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेच्या भूकंपात आमचं घर पडलं, त्याच घरातला माणूस असं बोलतो हे फार लागायचं.

२७ फेब्रुवारी २०१०, शनिवार. शिमग्याला गावी आलेला दादा माझा डबा घेऊन केंद्रावर आला. आपल्याकडे १२ वाजून ४ मिनिटं झाली असताना चिलीत ८.८ चा भूकंप झाला होता. पहिली लहर आमच्याकडे उमटली ती सुमारे वीस मिनिटांनी. चिली आपल्यापासून जवळजवळ १४६ अंशांवर (हा कोन पृथ्वीच्या केंद्रातून मोजतात), म्हणजे ही लहर गाभ्यातूनच आली. मी दादाला बसवून घेतलं, डबा तसाच राहिला. साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात थेट पी लहर, म्हणजे सर्वांत आधी येणारी दाबाची लहर, पोचत नाही, कारण गाभ्यात शिरताना ती वाकते. पट्ट्याच्या जरा पलीकडे वाकलेल्या लहरी एकवटतात, म्हणून आपल्याकडे ठसठशीत दिसली. थेट एस, म्हणजे पीच्या मागून येणारी दुसरी लहर, मात्र आलीच नाही. ती आडवं हलवत जाते, आणि द्रवात तसं हलवणं पुढे सरकत नाही. तासाभराने लांब, संथ लाटा आल्या तसा दादा म्हणाला, “ही बघ तुझी एस.” मी सांगितलं, या पृष्ठलहरी, जमिनीच्या वरच्या थरातून फिरून आलेल्या.

याला अंदाज म्हणणं चूक आहे. आई बाजारात मडकं वाजवून घ्यायची, तेव्हा तिला कोणी अंदाज म्हटलं नाही. ओल्डहॅम भारतात भूवैज्ञानिक होते. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत त्यांनी पी, एस आणि पृष्ठलहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये गाभा दाखवला. वर सांगितलेल्या १०४ ते १४० अंशांच्या ‘सावलीच्या’ पट्ट्यातही पुसट पी दिसते, यावरून डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये आतला वेगळा गाभा मांडला.

हो, थोडी एस ऊर्जा गाभ्यात पी होऊन जाते आणि बाहेर पडताना पुन्हा एस होते, म्हणून ‘थेट’ म्हटलं. लोखंडाचं म्हणाल तर ते एकट्या लहरींवरून ठरत नाही, त्याला घनता आणि उल्कापाषाणांचा आधार लागतो.

कुठल्या केंद्रात जायला मिळालं तर १०४ अंशांपलीकडच्या मोठ्या भूकंपाचा आलेख मागा आणि थेट एस शोधा. दादा त्या दिवशी न शोधताच उठून गेला.