बेळगावच्या इतिहासावर पहिलं व्याख्यान देताय ना?

अख्ख्या बेळगावचा इतिहास घेऊ नका. मध्ययुगात इथं राज्य करणाऱ्या रट्ट घराण्यापासून सुरुवात केली की गांधीजींपर्यंत पोचेतोवर निम्मं सभागृह उठलेलं असतं. नवे वक्ते हमखास इथंच चुकतात. एकच विषय धरा, टिळकवाडीची काँग्रेस विहीर! १९२४ च्या अधिवेशनाला पाणी हवं म्हणून खणलेली. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव काँग्रेस अधिवेशन. आधी स्वतः जाऊन काठावर उभे राहा, मग लिहायला बसा.

कागद वाचून दाखवू नका. ऐकीव असेल तिथं ‘असं सांगतात’ म्हणा. चाळीस मिनिटांत थांबा आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांना बोलू द्या. त्यांच्या घरातल्या आठवणी कुठल्याच पुस्तकात नसतात, लगेच वहीत उतरवा. कुणी कन्नडमधून विचारलं तर आनंदानं उत्तर द्या. शिलालेख, मोडी लिपी वाचायचं पुढं बघू.