व्हिसासाठी मिरजेचा प्लॉट विकावा का?

विश्रामबागच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, पगार ३४ हजार. फेब्रुवारीत लग्न झालं. मिस्टर इंग्लंडमध्ये लेस्टरला गोदामात कामाला आहेत, ब्रिटिश नागरिक आहेत. त्यांची वर्षाची मिळकत २४,५०० पौंड. बायको म्हणून तिकडे जायच्या व्हिसासाठी त्यांची मिळकत वर्षाला २९ हजार पौंड लागते, कमी पडणाऱ्या रकमेसाठी बचत दाखवावी लागते असं कळलं. माझे म्युच्युअल फंडात साडेसात लाख आहेत. बँक आणि पतसंस्था मिळून ६ लाखांच्या ठेवी आहेत, त्यावर बाबांचंही नाव आहे. बाबांची तासगावला द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, २००९ साली ३ लाखांना घेतलेला मिरजेचा प्लॉट विकू, २४ लाख येतील. गिऱ्हाईक दसऱ्याला इसार द्यायला तयार आहे. आई म्हणते, सोनं गहाण ठेवू. एजंट म्हणतो, सहा महिने बॅलन्स दाखवायची सोय मी करतो. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी एजंटाचा मार्ग बंद करा. बचत म्हणून दाखवलेले पैसे कर्जाऊ चालत नाहीत. ते कुठून आले हे खातेदाराला लेखी सांगावं लागतं. उसन्या पैशांवर तुम्ही तिथे खोटं लिहाल, आणि एकदा फसवणुकीचा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो तुमच्यासोबत येईल. आईचं सोनं गहाण ठेवून आलेले पैसेही शेवटी कर्जच. त्या सोन्याला हात लावू नका.

आता हिशेब. ११ एप्रिल २०२४ पासून मिळकतीची अट १८,६०० वरून २९ हजार पौंड झाली. तुमचा भारतातला पगार यात धरत नाहीत. तुम्हाला हे टोचेल, मलाही पटत नाही, पण नियम तसा आहे. पगारातून साठलेले पैसे मात्र मोजतात. मिळकत कमी असेल तर बचत किती हवी? जेवढी तूट, तिच्या अडीचपट, आणि वर १६ हजार पौंड. तुमची तूट साडेचार हजारांची. अडीचपट म्हणजे ११,२५०, त्यात १६ हजार मिळवले की २७,२५० पौंड. पौंड ११८ रुपयांना धरला तर ३२ लाख १५ हजार. अर्जाच्या दिवशी जो दर असेल तो लागतो, म्हणून थोडी जास्तच रक्कम हाताशी हवी.

आता त्या १६ हजारांकडे नीट बघा, तुमचा निर्णय तिथेच ठरतो. मिस्टरांची मिळकत २८,९०० झाली, म्हणजे तूट फक्त १०० पौंडांची उरली, तरी बचत १६,२५० पौंड लागेल. म्हणजे १९ लाखांवर. आणि मिळकत २९ हजारांवर गेली की बचत शून्य. त्या शेवटच्या १०० पौंडांची किंमत १९ लाख रुपये आहे. म्हणून अर्धं मिळकतीतून, अर्धं बचतीतून असा मध्यममार्ग इथे महाग पडतो. मिळकत पूर्ण वर न्यायची, नाहीतर बचतीची तयारी पूर्ण ठेवायची.

मिळकत वर नेणं किती अवघड आहे? एप्रिल २०२५ च्या दराने तिथे २१ वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराला तासाला किमान १२ पौंड २१ पेन्स मिळत होते. त्या दराने शनिवारी एका दुकानात आठ तासांचं काम धरलं तर वर्षाला ५,०७९ पौंड. एकूण २९,५७९. आठवड्यातला एक दिवस, आणि मिरजेचा प्लॉट जागेवर राहतो. ते ब्रिटिश नागरिक असल्याने दुसऱ्या नोकरीला व्हिसाची आडकाठी नाही. मात्र गोदामाच्या नोकरीच्या करारात दुसरं काम करायला मनाई नाही ना, हे त्यांनी आधी बघावं. आणि त्यांच्याशी मोकळेपणी बोला. ते आधीच रात्रपाळ्या करत असतील तर सहा दिवसांचा आठवडा अंगावर येतो. गोदामातच जादा तास मिळत असतील तर तेही चालेल.

नव्या कामाची सहा महिन्यांची पगारपत्रकं जमेपर्यंत थांबावं लागेल, ही तुमची पहिली अडचण असेल. पण प्लॉटच्या वाटेनेही तेवढंच थांबावं लागतं. प्लॉट बाबांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. विक्रीचे पैसे बाबांनी तुम्हाला बक्षीस दिले तर चालतात, वडिलांकडून आलेल्या बक्षिसावर तुम्हाला आयकरही नाही, पण ते पैसे अर्जाआधी पूर्ण सहा महिने तुमच्या खात्यात बसलेले हवेत. खरेदीखत होणार, पैसे येणार, त्यानंतर सहा महिने. शिवाय २१ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली नफा कर, उपकरासह पावणेतीन लाखांच्या घरात. हातात राहतात सव्वाएकवीस. तुमचे साडेतेरा मिळवून पावणेपस्तीस. बचतीची अट त्यात बसते, पण फी त्यात बसत नाही. एप्रिल २०२५ च्या दराने अर्जाची फी १,९३८ पौंड आणि तिथल्या आरोग्यसेवेचा आकार ३,१०५, मिळून सहा लाखांच्या आसपास. ही रक्कम बचतीच्या खात्यातून भरली की बचत अटीखाली जाऊ शकते, म्हणून ती वेगळी ठेवायची. अर्ज नाकारला तर आरोग्याचा आकार परत मिळतो, फी नाही.

बाबांचं म्हणणं मला कळतं. बचत खर्च होत नाही, नुसती दाखवायची असते, मग प्लॉट विकला तरी पैसे घरातच राहतात. हे खरं आहे. पण पैसे परत बाबांना दिले तरी मिरजेत तो प्लॉट त्या भावात परत मिळणार नाही, आणि कराचे पावणेतीन लाख तर गेलेच.

आता कागदांबद्दल, कारण माझ्या अनुभवात अर्ज तिथेच अडकतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला होता, हातात नकाराचं पत्र. ठेवी ४० लाखांच्या होत्या, खऱ्या होत्या, वर्षभर जुन्या होत्या. पावत्यांवर त्याचं आणि वडिलांचं, दोघांचं नाव होतं. आपल्याकडे ही चांगली सवय मानतात, कुणाचं बरंवाईट झालं तर अडायला नको म्हणून. पण या नियमात पैसे अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवेत. तिसऱ्याचं नाव आलं की सगळं अडकतं. तुमच्या ठेवींवर बाबांचं नाव आहे. मिळकतीच्या वाटेने गेलात तरी राखीव म्हणून ते आत्ताच दुरुस्त करा: ठेव मोडा, एकटीच्या नावाने बँकेत नवी करा, आणि तारीख लिहून ठेवा, कारण सहा महिने त्या दिवसापासून मोजायचे. मुदतीआधी मोडता येणारी ठेव चालते, दंड पडला तरी. पतसंस्थेतले पैसे मात्र काढाच. नियामकाच्या देखरेखीखालची वित्तसंस्था लागते, आणि पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही. तिथल्या ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षणही नसतं.

म्युच्युअल फंड आत्ता मोडू नका. युनिट्स बचत म्हणून धरत नाहीत, पण ते सहा महिन्यांहून जास्त तुमच्या नावावर असतील तर अर्जाच्या थोडं आधी विकून खात्यात घेतले तरी चालतात. इक्विटी फंड असतील तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त असतो. पैसे इंग्लंडला पाठवायचीही गरज नाही, इथल्या बँकेतले रुपये चालतात.

मिस्टरांनी जमवायचं ते असं. दोन्ही नोकऱ्यांची सहा महिन्यांची पगारपत्रकं. त्याच सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, ज्यात पगारपत्रकावरची हातात येणारी रक्कम तशीच्या तशी जमा दिसली पाहिजे. प्रत्येक मालकाचं पत्र: नोकरीवर केव्हापासून, वार्षिक पगार किती, तो पगार केव्हापासून, नोकरी कायम की मुदतीची. शनिवारच्या कामाचा पगार रोखीत अजिबात घेऊ नये. ओळखीचा दुकानदार असला तरी बँकेतच. तासांवर पगार असेल तर सहा महिन्यांची सरासरी काढून वर्षाची मिळकत धरतात, त्यामुळे एखादा शनिवार चुकला तर घाबरू नका, पण सलग तीन-चार चुकवू नका. शेवटचं स्टेटमेंट अर्जाच्या २८ दिवसांच्या आतलं हवं.

तुमच्याकडून विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. क्षयरोगाची तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रातच होते आणि तिचा दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून ती शेवटच्या दोन महिन्यांत करा. फीची रक्कम अर्जाच्या दिवशी पुन्हा तपासा, एप्रिलमध्ये दर बदलतात.

मिस्टरांना जादा काम खरोखरच झेपण्यासारखं नसेल, तर मात्र प्लॉट विकण्याला माझा विरोध नाही. प्लॉटशिवाय नुसत्या तुमच्या बचतीने ३२ लाख भरत नाहीत. लग्न होऊन नवराबायकोनं वर्षानुवर्षं वेगळं राहणं हीसुद्धा किंमतच आहे, आणि ती कुठल्याच तक्त्यात धरता येत नाही. पण आधी त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गिऱ्हाईकाकडून इसार घेऊ नका. एकदा इसार घेतला की बाबा शब्द मोडणार नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.