'विथ रिगार्ड टू' की 'विथ रिगार्ड्स टू'?

रजेच्या ईमेलमध्ये तुम्ही 'विथ रिगार्ड्स टू माय लीव्ह' लिहिलंत, साहेबांनी त्यातला 'एस' खोडला, आणि आता तुम्ही विचारताय की दोन्ही चालतं ना? बोलताना दोन्ही कानावर येतं. लिहिताना मात्र साहेबांचंच बरोबर. 'इन रिगार्ड टू'लाही हाच नियम.

'रिगार्ड' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'पाहणे' या क्रियापदातून आलाय. आपण 'च्या दृष्टीने' म्हणतो ना, त्यातही नजरच आहे. ही नजर इंग्रजीत एकवचनी राहते. 'एस' लागून 'रिगार्ड्स' झालं की तो नमस्कार होतो, ईमेलच्या शेवटी सहीच्या वर लिहितो तो. म्हणून तुमचं वाक्य चोखंदळ वाचणाऱ्याला 'माझ्या रजेस स. न. वि. वि.' असं वाचल्यासारखं खटकतं.

लक्षात ठेवायला बारावीचं गणित आठवा. डेरिव्हेटिव्ह काढताना आपण 'विथ रिस्पेक्ट टू एक्स' म्हणायचो, 'रिस्पेक्ट्स' कधीच नाही. रचना तीच आहे.

घोळ होतो तो 'ॲज रिगार्ड्स'मुळे. तिथे 'एस' हवाच, कारण तिथे 'रिगार्ड्स' हे क्रियापद आहे. शिवाय त्याच्यामागे 'टू' येत नाही: 'ॲज रिगार्ड्स माय लीव्ह'. 'रिगार्डिंग'लाही 'टू' लागत नाही. 'रिगार्डिंग टू' मी कितीतरी अर्जांत पाहिलंय आणि दर वेळी खोडलंय.

अजून एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मी बरीच वर्षं कार्यालयीन पत्रांचे मसुदे तपासलेत. मराठी सरकारी पत्रात 'विषय' आणि 'संदर्भ' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. 'विथ रिगार्ड टू' विषयासाठी. आधीचं पत्र, त्याचा क्रमांक, तारीख सांगायची असेल तर 'विथ रेफरन्स टू'. आपण मराठीत 'संदर्भात' दोन्हीकडे वापरतो, त्यामुळे इंग्रजीतही सरमिसळ होते. पत्र समोर ठेवून त्याला उत्तर देत असाल तर 'रेफरन्स', नुसत्या विषयाबद्दल बोलत असाल तर 'रिगार्ड'.

तुमच्या ईमेलसाठी मात्र मी यातलं काहीच वापरलं नसतं. 'आय ॲम रायटिंग अबाउट माय लीव्ह फ्रॉम १२ टू १६ मे.' रजेला एवढं वाक्य पुरतं.