मधली रेघ पायापेक्षा मोठी कशी?

प्रश्न: सर, पोरगी दहावीला आहे. त्रिकोण एबीसी, डी एबीवर, ई एसीवर, डीई बीसीला समांतर, एडी 4, डीबी 2, बीसी 9. तिने डीई 18 काढली, मास्तरांनी भोपळा दिला. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय तर पाठ आहे!
– एक वाचक, चोपडा

उत्तर: भाऊ, आकृती बघा ना, आतली रेघ बीसीपेक्षा लांब असेलच कशी! एडी भागिले डीबी म्हणजे एई भागिले ईसी, प्रमेय तिथंच संपतं, त्यात डीई येतच नाही. पोरीने त्याच 4 भागिले 2 ला 9 ने गुणलं, म्हणून 18 आले. डीई हवी तर एडीई आणि एबीसी हे समरूप त्रिकोण (आकार सारखा, बाजू एकाच प्रमाणात) घ्यायचे, समांतर रेघांमुळे संगत कोन सारखे म्हणून, आणि मग बाजू पूर्ण धरायची, एबी म्हणजे 6. चार षष्ठांश गुणिले 9, डीई 6. त्रिकोणी वावरात बांधाला समांतर पाट काढला तरी हेच, टोकाकडे सरकाल तसा पाट आखूड.