पवनचक्कीचा चांदीचा पेला: घ्यावा का?

नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलवीनहून एका वाचकांनी विचारलंय. नवरा-बायको दोघंही 37 वर्षांचे, दोघंही नोकरीत, शिल्लक 16,000 युरो, पुढच्या वर्षी पहिलं घर घ्यायचा बेत. जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना चांदीचा डच पेला आवडलाय, बैठकीच्या जागी छोटी पवनचक्की असलेला. वजन 180 ग्रॅम, किंमत 2,400 युरो. दुकानदार म्हणतो, सतराव्या शतकातला आहे, चांदीत पैसे बुडत नाहीत, गुंतवणूक समजा.

पेल्यावरच्या हॉलमार्क ठशांचे फोटो पाठवलेत, फार बरं केलंत. अर्धं उत्तर तिथेच आहे. पेल्यावर चालता सिंह आहे, त्याच्यासोबत 2 हा आकडा आणि शेजारी मिनर्व्हा देवीचं शिर. ही ठशांची पद्धत नेदरलँड्समध्ये 1814 साली आली. सतराव्या शतकात शहराचा ठसा मारत, ॲमस्टरडॅमचा असेल तर मुकुटाखाली तीन फुल्या. म्हणजे हा पेला जुन्या घाटाची नंतर केलेली नक्कल आहे. चांदी खरी, सांगितलेलं वय खोटं.

त्या 2 चा अर्थ हजारात 833 भाग चांदी. म्हणजे 180 ग्रॅममध्ये शुद्ध चांदी साधारण 150 ग्रॅम. हिशेबापुरता ग्रॅमला 2 युरो भाव धरा (आजचा तुम्ही बघून घ्या), तर 300 युरो झाले. बाकीचे 2,100 तुम्ही घडणावळ, जुनेपणा आणि दुकानदाराच्या नफ्यापोटी मोजणार. उद्या चांदी दुप्पट झाली तरी भर पडेल ती 300 ची. विकायला गेलात तर सराफ मोडीचा भाव देईल. लिलावात घातलात तर तिथलं कमिशन तुमच्याकडून कापलं जाईल आणि घेणाऱ्यालाही बोलीवर वेगळा आकार पडत असल्याने तो हात आखडूनच बोली लावेल.

कराचीही एक गंमत आहे. हौसेने घरात ठेवलेली कलावस्तू बॉक्स 3 मध्ये, म्हणजे बचत-गुंतवणुकीवरच्या डच करात, धरत नाहीत. मुख्यतः गुंतवणूक म्हणून घेतलेली मात्र धरतात. दुकानदाराचं ‘गुंतवणूक समजा’ तिथेही तुमच्या सोयीचं नाही.

खरी अडचण घराची आहे. नेदरलँड्समध्ये गृहकर्ज सहसा घराच्या मूल्यांकनाच्या 100 टक्क्यांपर्यंतच मिळतं. पस्तिशीच्या आतल्यांना हस्तांतरण करात मिळणारी सूट तुमच्या हातून गेली. 4,00,000 युरोंच्या घरावर 2 टक्क्यांनी 8,000 झाले. शिवाय नोटरी, मूल्यांकन, कर्जाचा सल्लागार. आणि मूल्यांकनाच्या वर बोली लावावी लागली तर तो फरक रोख भरायचा. या 16,000 पैकी एक युरोही मोकळा नाही. आत्ता घेऊ नका.

वस्तू म्हणून पेला मोठा गमतीचा, हे मला मान्य. नळीतून फुंकायचं, पाती फिरायला लागतात, ती थांबायच्या आत पेला रिकामा करायचा. बैठकच नसल्यामुळे भरलेला पेला खाली ठेवायची सोय नाही. घर झाल्यावरही मन त्यातच असेल तर हौसेच्या पैशातून जरूर घ्या. फक्त ठशांमधलं, घडवल्याचं वर्ष सांगणारं अक्षर ठशांच्या तक्त्यात तपासा, बिलावर साल, कस आणि वजन लिहून मागा, आणि तशाच पेल्यांना लिलावात काय भाव मिळाला ते पाहून घासाघीस करा. शंभरी ओलांडलेला निघाला आणि पुण्याच्या घरी नेऊन ठेवायचा विचार असेल, तर 1972 चा पुरावस्तू कायदा आधी वाचा. भारतात गेलेली अशी वस्तू पुन्हा बाहेर काढणं सोपं नाही.