फाइल समोर आहे, तरी ‘सापडत नाही’

प्रश्न (देवगडहून): हापूसच्या पेट्यांची बिलं करायचा आमचा जुना प्रोग्राम आहे, बनवणारा आता फोनच उचलत नाही. जुना पीसी गेल्या पावसात गेला. नवीन ६४ बिटच्या मशीनवर डेबियन लिनक्स टाकलंय, मेन सिस्टीमला धक्का नको म्हणून वेगळ्या फोल्डरात सीएचरूट केलं (म्हणजे आतल्या प्रोग्रामला तो फोल्डरच अख्खी सिस्टीम), बॅश (कमांड द्यायचा प्रोग्राम) आणि त्याच्या लायब्रऱ्या आत टाकल्या, बॅश मस्त चालतंय. पण सीएचरूटने बिलिंग सुरू केलं की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अहो फाइल तिथंच आहे! परमिशनपण दिलीय.

उत्तर: भाऊ, फाइल आहेच, हरवलंय दुसरंच. सीएचरूट म्हणजे बागेला घातलेला गडगा, आतल्या गड्याची आंबे काढायची घळ बाहेर राहिली तर तो कलमाखाली नुसता उभा राहणार. प्रोग्राम सुरू करताना कर्नल (सिस्टीमचा गाभा) आधी त्याचा लोडर (प्रोग्रामला त्याच्या लायब्रऱ्या जोडून देणारी फाइल) शोधतो, लोडरचा पत्ता प्रोग्राममध्येच लिहिलेला असतो, आणि तो आत नसला तरी मेसेज हाच येतो, वर नाव प्रोग्रामचं लावून. आत बॅशमध्ये शिरून चालवून बघा, बॅश ५.२ पासून पुढचा असेल तर ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ म्हणेल, ते जरा खरं बोलणं झालं.

मला वाटतं तुमचा प्रोग्राम ३२ बिटचा आहे. बाहेर येऊन त्याच्यावर ‘फाइल’ कमांड मारा, ‘३२-बिट’ आणि ‘इंटरप्रिटर /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२’ असं दिसलं तर चोर सापडला, कारण बॅशसोबत तुम्ही आत टाकलात तो ६४ बिटचा लोडर. एलडीडीवर (प्रोग्रामला कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते दाखवणारी कमांड) इथं विसंबू नका, मशीनवर ३२ बिटचा लोडर नसेल तर ते सरळ ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल’ म्हणतं आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो (माझी अख्खी दुपार गेली होती, त्यात लाइट दोनदा गेली).

एकेक लायब्ररी वेचत बसू नका, डीबूटस्ट्रॅपला (फोल्डरात डेबियन उभं करणारी कमांड) आर्किटेक्चर आय३८६, म्हणजे ३२ बिटचं, सांगा आणि नव्या फोल्डरात छोटं ३२ बिटचं डेबियनच उभं करा. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये आय३८६चा इन्स्टॉलर नाही, कर्नल नाही, पण ६४ बिटच्या मशीनवर असले जुने प्रोग्राम चालवायला पॅकेजं ठेवलीयत. मग प्रोग्राम त्यात टाका. तरी अडला तर एसट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारी कमांड) लावून शेवटच्या ओळी वाचा, कुठली फाइल मागून मिळाली नाही ते तिथं दिसतं. बिल स्क्रीनवर आलं पण प्रिंटर गप्प, तर बाहेरचे डेव्ह (उपकरणांचा) आणि प्रॉक (सिस्टीमच्या माहितीचा) हे फोल्डर आत बाइंड माउंट केलेत का, म्हणजे आतूनही दिसतील असे जोडलेत का, ते बघा.