घरात घट्ट, मैदानावर डगमग: आधी बैठक बेंचपासून वेगळी करा

तुमच्या पोस्टमधली लक्षणं फार ओळखीची आहेत. रायफल टेकवून नेमबाजी करायचा लोखंडी चौकटीचा घडीचा बेंच, चार पाय, फिरणारी बैठक त्याच चौकटीला जोडलेली. घरात फरशीवर अजिबात हलत नाही, मैदानावर नेला की ५० मीटरवरही स्कोपचं (रायफलवरच्या दुर्बिणीचं) क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, टार्गेटवर ठरत नाही. तुम्ही आडव्या पट्ट्या मारून पाहिल्या, खाली वाळूची पिशवी ठेवून पाहिली, आणि आता वरची फळी दुप्पट जाड करायला निघाला आहात. फळीला एवढ्यात हात लावू नका. दोष बहुतेक फळीत नाहीच. तुमचं शरीर आणि तुमची रायफल एकाच चौकटीवर बसली आहेत, खरी गोम ती आहे.

रेंजचे नियम, परवाना, रायफल रिकामी आहे ना हे तपासणं, डोळ्या-कानांचं संरक्षण, हे सगळं गृहीत धरतो. मी इंजिनिअर नाही. खाली जे आहे ते बेंच बनवून, मोडून, पुन्हा बनवून जमलेलं आहे, आणि काही ठिकाणी निव्वळ माझं मत आहे. पटेल तेवढं घ्या.

आधी खात्री करून घ्या, तीही रायफल न आणता. प्रेझेंटेशनला वापरतात तसा छोटा लेझर पॉइंटर फळीवर सी-क्लॅम्पने आवळून बसवा आणि संध्याकाळी, ठिपका स्पष्ट दिसेल अशा वेळी, २५ मीटरवर उभ्या केलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर तो पाडा. ठिपक्याची कड पेन्सिलने गिरवून घ्यायला एक मदतनीस पुठ्ठ्याजवळ, पण लेझरच्या रेषेबाहेर, उभा करा. पहिली खूण कोणीही बेंचला हात लावलेला नसताना. दुसरी तुम्ही जोडलेल्या बैठकीवर बसून, हात मांडीवर ठेवून, फळीला स्पर्श न करता, नुसता श्वास घेत आणि एक पाय जरा सरकवून. तिसरी तसंच, पण बाजूला ठेवलेल्या वेगळ्या स्टुलावर बसून. चौथी वेगळ्या स्टुलावरूनच, पण कोपरं नेम धरताना टेकवता तशी टेकवून.

दुसऱ्या खुणेत ठिपका फिरत असेल आणि तिसऱ्यात गप्प बसत असेल, तर निकाल लागला. चौथ्यात जेवढा फिरेल तो टेबलाचा स्वतःचा कच्चेपणा. पट्ट्या, जाड फळी, वजन यांचा उपयोग फक्त त्या चौथ्या आकड्यावर होतो.

हे एवढं का जाणवतं त्याचा हिशोब सोपा आहे. फ्रंट रेस्ट (रायफलच्या पुढच्या भागाखालचा टेकू) आणि मागची बॅग (बटखालची, म्हणजे दस्त्याखालची वाळूची पिशवी) यांच्यात साधारण ६० सेंटिमीटर अंतर असतं. त्यातलं एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत १ मि.मी. वर-खाली झालं की १०० मीटरवर नेम १६७ मि.मी. सरकतो. दशांश मिलिमीटर हलला तरी जवळजवळ १७ मि.मी. आणि १०० मीटरवर एक मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग, नेमाची अचूकता यात मोजतात) म्हणजे २९ मि.मी. एवढंच. म्हणजे डोळ्याला न दिसणारी लचक अर्ध्याहून जास्त मिनिट खाऊन टाकते. टेबल सावकाश कलत असेल तर तुम्ही स्कोपमधून बघून नेम पुन्हा जुळवता, तिथे फारसं बिघडत नाही. पण बैठक जोडलेली असली की श्वास, मांडीचा ताण, खांद्याची हालचाल, सगळं आडव्या दांड्यातून फळीत येतं, आणि ते नेमकं चाप ओढायच्या क्षणीही चालूच असतं. ते जुळवून घेता येत नाही.

आता थोडा राग काढतो. एका वर्कशॉपला (नाव घेत नाही) स्वच्छ मापांसकट ड्रॉइंग दिलं होतं: तीन पाय, बैठक पूर्णपणे वेगळी. हातात पडला तो चार पायांचा बेंच, बैठक चौकटीला वेल्ड केलेली. वर खुलासा असा, की तीन पायांवर टेबल कलंडेल म्हणून चौथा घातला, आणि बैठक उचलायला सोपी जावी म्हणून जोडून दिली. ड्रॉइंग कोणी नीट बघितलंच नव्हतं, आणि विचारायला एक फोनही केला नाही. बोल्टचा सांधा असता तर उघडून घेता आला असता. वेल्डिंग होतं म्हणून चौकट कापावी लागली, कापताना ती पिळली, आणि सगळं लोखंड भंगारात गेलं. बेंचच्या कामात याहून महाग काही पडलेलं नाही. त्यामुळे कोणाकडूनही करून घेणार असाल तर ड्रॉइंगवरच मोठ्या अक्षरांत लिहा: 'पाय तीनच. बैठक जोडायची नाही. पहिली जुळणी बोल्टने, वेल्डिंग तपासणीनंतर.' आणि वेल्डिंगच्या आधी स्वतः जाऊन बसून बघा.

चौथा पाय आधार देत नाही, उलट घात करतो. तीन टेकू कुठल्याही उंचसखल जमिनीवर एकाच वेळी टेकतात. चार टेकू फक्त सपाट फरशीवर टेकतात, म्हणून तुमचा बेंच घरात शहाण्यासारखा वागतो. मैदानावर एक पाय अधांतरी राहतो, तुम्ही रेलला की चौकट पिळवटते आणि तो टेकतो, सैल सोडलं की परत उचलला जातो. आडव्या पट्ट्या मारून चौकट जितकी कडक कराल तितकी ती जास्त डुलेल, कारण आता पिळवटून जुळवून घ्यायचीही सोय उरली नाही. पट्ट्यांनी फरक का पडला नाही, त्याचं उत्तर हे.

तीन पायांचा बेंच कलंडतो ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. पाय जवळ-जवळ असतील तर कलंडतो. तिन्ही पाय मध्यापासून ४५ सें.मी. वर सारख्या अंतराने असले, तरी दोन पायांना जोडणारी रेषा मध्यापासून जेमतेम साडेबावीस सें.मी. वर येते. त्या रेषेबाहेर जोर दिला की टेबल उचलणारच. यावर जुना उपाय म्हणजे टी आकाराची फळी: पुढे रुंद भाग, त्याच्या दोन टोकांखाली दोन पाय, मागे जिभेसारखा निमुळता भाग, त्याखाली तिसरा. शरीर जिभेच्या बाजूच्या खाचेत येतं, उजव्या हाताने नेम धरणारा डावीकडे बसतो. जिथे कलंडायची भीती तिथे फळीच नसते, त्यामुळे चुकूनही तिथे कोणी रेलत नाही. दोन्ही बाजूंना खाच ठेवलीत तर डावखुऱ्यांनाही तोच बेंच चालतो.

मापं म्हणाल तर पुढची रुंदी ९० सें.मी., एकूण लांबी १०० सें.मी., जीभ किमान ३५ सें.मी. रुंद. त्याहून अरुंद केलीत तर मागची बॅग आणि कोपर एकमेकांना ढकलतात. पाय सरळ उभे नकोत, बाहेरच्या बाजूला १० ते १२ अंश कललेले हवेत. ७० सें.मी. च्या उंचीवर १२ अंश म्हणजे खाली जवळपास १५ सें.मी. जास्तीचा पसारा, तोही फळी न वाढवता.

फळीसाठी १८ मि.मी. चा वॉटरप्रूफ प्लाय पुरतो, पण खाली २५ × ५० मि.मी. च्या लाकडी पट्ट्या उभ्या धारेवर चिकटवून आणि स्क्रूने आवळून बसवा. पुढचे दोन पाय जोडणारी एक, आणि तिथून जिभेच्या पायापर्यंत एक. दुप्पट जाडीच हवी असेल तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या: दोन १८ मि.मी. च्या फळ्या पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून एकजीव केल्या तर कडकपणा आठपट होतो. नुसत्या एकावर एक ठेवून चार स्क्रू मारले तर जेमतेम दुप्पट, वजन मात्र दोन्हीकडे तेवढंच. म्हणून फळी जाड करूनही काही होत नाही असं सांगणाऱ्याला आधी विचारा, गोंद लावला होता का. वॉर्निश खालच्या बाजूलाही द्या, आणि कडांना तीन हात द्या. एकाच बाजूने रंगवलेली फळी पहिल्या ओल्या हंगामात वाटीसारखी वाकते.

खरी ढिलाई बहुतेक वेळा पायांच्या सांध्यात असते, आणि इथे लोक फार घाई करतात. पाय ज्या सॉकेटमध्ये जातो ते किमान १०० मि.मी. खोल हवं. त्यात १ मि.मी. ची फट राहिली, तर पाऊण मीटर लांब पायाचं खालचं टोक साडेसात मि.मी. डोलतं. सॉकेटची नळी उभी चिरून तिला दोन कान वेल्ड करा आणि बोल्टने आवळा, म्हणजे नळी पायाला सगळीकडून धरते. ते जमत नसेल तर सॉकेटवर, वर-खाली अंतर ठेवून, एकाच रेषेत दोन १० मि.मी. चे नट वेल्ड करून हँडलचे स्क्रू लावा. एकाच स्क्रूने पाय त्या बिंदूभोवती खेळतो. घडीच्या बिजागऱ्या मला पसंत नाहीत. खिळ नवी असताना घट्ट असते, महिन्या-दोन महिन्यांत भोक मोठं होतं. सुटे पाय काढून पिशवीत घातलेले बरे. प्लायमध्ये लाकडी स्क्रू पुन्हा पुन्हा काढले-घातले की धागा मरतो, तिथे टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे आट्यांचे लोखंडी नट) बसवा. बोल्टखाली मोठ्या व्यासाचे वायसर हवेतच, नाहीतर प्लाय दबतो आणि आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो.

पायाखाली ८ ते १० सें.मी. च्या लोखंडी चकत्या, मऊ मातीत त्याहून मोठ्या. उघडं पाइपाचं तोंड मातीत सावकाश रुतत जातं आणि नेम दर गोळीला थोडा उतरतो. कठीण जमिनीसाठी चकतीच्या मध्ये छोटा खिळा चालतो, पण रेंजवर विचारून घ्या, काही ठिकाणी फरशीला चरे पडतात म्हणून मनाई असते. मऊ रबराचे बूट नकोत. तीनपैकी दोन पायांना जाड आट्यांचे स्क्रू देऊन ७ ते ८ सें.मी. वर-खाली करता आले की स्पिरिट लेव्हलने टेबल आडवं सरळ करता येतं.

१८ मि.मी. ची फळी, पट्ट्या, ४० मि.मी. व्यासाचे २ मि.मी. जाडीचे पाइप, सगळं मिळून १५ किलोच्या आसपास बसतं. एकट्याने उचलण्याजोगं. उरलेलं वजन जागेवर मिळवा: फळीच्या मध्याखाली हुक, त्याला वाळूची पिशवी किंवा पाण्याचा कॅन. कॅन काठोकाठ भरा, अर्धा असला तर पाणी हिंदकळतं आणि टेबल त्याच्या तालावर हलतं. पिशवीचा तळ जमिनीला किंचित टेकेल एवढी दोरी ठेवा, म्हणजे वाऱ्याने झुलणार नाही. तुम्ही पोतं जमिनीवर नुसतं ठेवलं होतं असं पोस्टवरून वाटतं. त्याने टेबलावर काहीच भार येत नाही.

उंचीबद्दल: टेबल ७५-७६ सें.मी. आणि स्टूल ४५-४६, म्हणजे दोन्हींत ३० सें.मी. चा फरक, हे सुरुवातीला ठीक. माणसागणिक दोन सें.मी. इकडे-तिकडे होतील. मान खाली घालावी लागत असेल तर टेबल उंच करण्याआधी रेस्ट उंच करून बघा. स्टूलही तीन पायांचंच घ्या. खाली चाकं असलेली ऑफिसची खुर्ची आणू नका.

जोडलेल्या बैठकीचे तयार बेंच सरसकट वाईट आहेत असं मात्र म्हणत नाही. .२२ ने (लहान बोअरच्या रायफलने) २५ मीटरवर सराव करायचा असेल, किंवा गुडघ्यामुळे वेगळ्या स्टुलावर उठबस जमत नसेल, तर ते वापरावेत, त्यांची सोय खरी आहे. पण १०० मीटरवर स्कोप झिरो करायला (नेम आणि गोळी लागायची जागा जुळवायला) किंवा गोळ्यांचे दोन लॉट एकमेकांशी ताडून बघायला तो बेंच वापरलात, तर बेंचचा दोष गोळ्यांच्या नावावर जाईल.

तुमचा आहे तो बेंच टाकून द्यायची गरज नाही. बैठकीचा दांडा बोल्टवर असेल तर आज काढा आणि वेगळं स्टूल घ्या. चारपैकी मागचे दोन पाय काढून मध्ये एक सॉकेट बसवता येतं का पाहा. तेवढ्यावर लेझरची चाचणी परत घ्या. चौथ्या खुणेत ठिपका २५ मीटरवर ५ मि.मी. फिरत असेल तर १०० मीटरवर ते २० मि.मी. होतात. तेवढं तुम्हाला चालणार असेल तर तिथेच थांबा. नसेल तर सॉकेट, मग फळी, या क्रमाने जा.

काही बारीकसारीक गोष्टी राहिल्या. फ्रंट रेस्ट इतका पुढे ठेवा की मझल (नळीचं तोंड) फळीच्या कडेबाहेर राहील, नाहीतर प्रत्येक गोळीचा झोत फळीवर आदळतो आणि कागद, टोप्या, सगळं उडतं. फळीवर जाड स्पंज किंवा गालिचा चिकटवू नका, रेस्टचे पाय त्यात बुडतात, ३ मि.मी. चं कडक रबर पुष्कळ झालं. बटच्या खालचा पट्ट्याचा हुक मागच्या बॅगला अडत असेल तर काढून ठेवा, धक्क्याला तो बॅगवर आपटून बट उचलतो. बॅगेत चाळलेली, पूर्ण वाळलेली वाळू भरा, समुद्रकिनाऱ्यावरची नको. तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि रायफलच्या लोखंडाला गंज चढवतं. आणि स्प्रिंगची एअर रायफल असेल तर ती कडक रेस्टवर ठेवून झिरो करू नका. तिचा धक्का छर्रा नळीतून सुटायच्या आधीच सुरू होतो, त्यामुळे टेकू बदलला की छर्रा लागायची जागा बदलते. रेस्टवर तळहात सैल ठेवा आणि रायफल त्या तळहातावर ठेवा.